खिडकीवरचा कारकून आणि परक्याचा पासपोर्ट

रायनएअर ही आयर्लंडची विमानकंपनी स्वस्त भाड्याबद्दल युरोपभर प्रसिद्ध आहे. 2009 साली तिने विमानतळावरील नोंदणीच्या खिडक्या बंद करून ते काम उतारूंच्या घरच्या संगणकावर ढकलले. परक्यांसाठी मात्र एक खिडकी शिल्लक राहिली. युरोपीय संघ आणि त्याच्या सोबतचे देश यांबाहेरील नागरिकाने तेथे पासपोर्ट व व्हिसा दाखवावयाचा आणि बोर्डिंग पासावर शिक्का घ्यावयाचा. शिक्का नसेल तर विमान त्याच्या डोळ्यांदेखत निघून जाई. हा शिक्का मारणारा सरकारचा नोकर नव्हे. पुष्कळ ठिकाणी असा माणूस विमानकंपनीचाही नसतो. तो तिच्या ठेकेदाराचा पगारी असतो. ठेकेदारीशी झुंजण्यात उमर गेलेल्या आम्हांला त्याच्याविषयी कुतूहल वाटते. देशाच्या सीमेचे रक्षण त्याच्या गळ्यात बांधले कोणी?

उत्तर जहाजांच्या काळात सापडते. 1891 च्या अमेरिकन कायद्याने ठरविले की, नाकारलेल्या परक्याला आणणाऱ्या जहाजानेच स्वखर्चाने परत न्यावे. 1924 साली, व्हिसा नसलेला स्थलांतरित आणल्यास माणशी 1000 डॉलर दंड आला. कॅनडाने याहून धूर्तपणा केला. मायदेशाहून थेट तिकीट काढून, वाटेत न थांबता येईल त्यालाच प्रवेश, असा 1908 चा नियम. आणि हिंदुस्थानातून असे तिकीट विकूच नये म्हणून जहाजकंपनीवर दडपण! नियमात हिंदी माणसाचे नावही नव्हते. गुरदितसिंगांनी कोमागाटा मारू हे जहाज भाड्याने घेऊन हा नियम कसाला लावला. 1914 च्या उन्हाळ्यात 376 उतारू व्हँकूव्हरच्या बंदरात दोन महिने तिष्ठत राहिले. थोडक्यांखेरीज सर्वांना परत फिरावे लागले.

विमानांच्या युगात हीच युक्ती कामी आली. फेब्रुवारी 1987 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आश्रय मागणाऱ्या तमिळांना परत पाठविण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी अंगावरची वस्त्रे उतरवून निषेध केला. त्याच वर्षी ब्रिटनने कायदा केला : योग्य कागदांविना उतारू आणल्यास कंपनीस माणशी 1000 पौंड दंड. 1991 साली तो 2000 झाला. युरोपीय संघानेही 2001 च्या निर्देशाने असाच दंड सदस्य-राष्ट्रांवर बंधनकारक केला.

आता हिशेब पाहा. तिकीट कधी दहावीस पौंडांचे, दंड 2000 पौंडांचा, आणि विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत अवधी जेमतेम 25 मिनिटांचा. संशय आला की कारकून ‘नाही’ म्हणणार, यात त्याचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही.

या भीतीचे टोक 2022 साली दिसले. दक्षिण आफ्रिकेचे बनावट पासपोर्ट फार झाले, असे सांगून रायनएअरने ब्रिटनला जाणाऱ्या त्या देशाच्या उतारूंना सामान्यज्ञानाची प्रश्नपत्रिका सोडवावयास लावली. तीही आफ्रिकान्स भाषेत! त्या देशात तेव्हा अकरा राजभाषा होत्या, आणि बहुसंख्यांची मातृभाषा आफ्रिकान्स नव्हती. शाळेत हीच भाषा लादली म्हणून 16 जून 1976 रोजी सोवेटोतील मुले रस्त्यावर आली होती आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. ही परीक्षा आमची नव्हे, असे ब्रिटिश सरकारने सांगितले. ओरड झाल्यावर जूनच्या मध्यास कंपनीने ती बंद केली.

परक्याने दाद मागावी कोठे? सप्टेंबर 2015 मध्ये सायप्रसमधील लार्नाका येथे कझाकस्तानच्या एका नागरिकाला ब्लू एअर या दुसऱ्या स्वस्त कंपनीने बुखारेस्टच्या विमानात चढू दिले नाही. त्याच्यापाशी सायप्रसचा निवास-परवाना होता. रुमानियाचा व्हिसा नाही, एवढीच हरकत. तो न्यायालयात गेला. कागद वास्तविक पुरेसे असतील तर केवळ कंपनीने ते अपुरे ठरविले म्हणून उतारूचा भरपाईचा हक्क जात नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने दिला. तो दिवस 30 एप्रिल 2020 चा होता, आणि कोरोनाच्या साथीमुळे युरोपातील बहुतेक विमाने तेव्हा जमिनीवरच उभी होती.