ताराकृती ब्लॉक कोपॉलिमर : स्वयंरचना

एका केंद्राला तीन किंवा अधिक साखळ्या जोडलेला आणि प्रत्येक साखळीत निरनिराळ्या रसायनांचे खंड असलेला बहुवारिक रेणू. साखळ्यांना ‘भुजा’ म्हणतात. हे खंड एकमेकांत मिसळायला राजी नसतात. पण रासायनिक बंधाने बांधलेले असल्यामुळे तेल-पाण्यासारखे वेगळेही होऊ शकत नाहीत. फारकत होते ती रेणूच्या मापाचीच. तिच्यातून साधारण 10 ते 100 नॅनोमीटरचे गोल, दंडगोल, पापुद्रे किंवा एकात एक गुंतलेल्या जाळ्या आपोआप उभ्या राहतात. साचा लागत नाही.

अनेक भुजांचे बहुवारिक शेफगेन आणि पॉल फ्लोरी यांनी 1948 मध्ये तयार केले. भुजांची लांबी नेमकी राखणे मात्र मायकेल श्वार्त्स यांनी 1956 मध्ये ‘जिवंत’ बहुवारिकीकरणाची पद्धत दाखवल्यानंतर जमले. या पद्धतीत साखळीचे टोक क्रियाशील राहते. एक एकवारिक संपल्यावर दुसरे घालायचे आणि शेवटी क्लोरोसिलेनसारख्या जोडणाऱ्या रेणूने भुजा एकत्र बांधायच्या. रचना घडेल की नाही, हे खंडांमधला दुरावा आणि साखळीची लांबी यांच्या गुणाकारावर ठरते. सरळ, सममित, दोन खंडांच्या साखळीसाठी ही सीमा सुमारे 10.5 असल्याचे लुडविक लायब्लर यांनी 1980 मध्ये दाखवले. ताऱ्यांसाठीचा हिशेब 1986 मध्ये मोनिका ऑल्वेरा दे ला क्रूझ व आयझॅक सांचेझ यांनी मांडला. ताऱ्यात केंद्राजवळ गर्दी होते, आतल्या खंडांना ताणून उभे राहावे लागते आणि खंडांमधली सीमा कोणत्या बाजूला वाकेल यावर त्याचा परिणाम होतो.

याचा ठळक दाखला पॉलिस्टायरीन-पॉलिआयसोप्रीन ताऱ्यांत मिळाला. पॉलिस्टायरीनचे प्रमाण सुमारे 30 टक्के ठेवून फक्त भुजा वाढवल्या, तर दंडगोलांच्या जागी दोन्ही घटक अखंड पसरलेली जाळी दिसू लागली. एडविन थॉमस, लुईस फेटर्स आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये या रचनेला ‘दुहेरी हिरा’ म्हटले. जवळपास दशकभर पाठ्यपुस्तकांत तेच नाव चालले. पुढे अधिक नेमक्या क्ष-किरण मोजणीत पहिल्या दोन शिखरांच्या स्थानांचे गुणोत्तर √6 : √8, म्हणजे सुमारे 1 : 1.15 आले. हिऱ्याच्या रचनेला ते √2 : √3, म्हणजे 1 : 1.22 हवे होते. फरक एवढासाच, पण निकाल बदलला : जाळी जायरॉइड होती, जिच्या प्रत्येक सांध्याला चार नव्हे, तीन काड्या मिळतात. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या फेरतपासणीत थॉमस व फेटर्स स्वतः सहलेखक होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात दोन्ही जाळ्या फसवण्याइतक्या सारख्या दिसतात, तेव्हा पहिल्या वाचनाला दोष देणे अवघड आहे.

पाण्यातल्या ताऱ्यांचा अभ्यास महाराष्ट्राला अधिक जवळचा. टेट्रॉनिक या व्यापारी नावाने, तर औषधशास्त्रात पोलॉक्झामिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेणूत मधोमध एथिलिनडायअमीन असते आणि त्याला चार भुजा. आतला खंड जलद्वेषी पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइडचा, बाहेरचा जलस्नेही पॉलिएथिलीन ऑक्साइडचा. टेट्रॉनिकच्या टी-904 या प्रकाराचा रेणुभार सुमारे 6,700, तर टी-1307 चा 18,000. सुरत येथील वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात प्रताप बहादूर यांच्या गटाने या द्रावणांवर दीर्घकाळ काम केले. त्यासाठीची लघुकोन न्यूट्रॉन प्रकीर्णनाची मोजणी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव अणुभट्टीवर झाली. 1985 मध्ये कार्यान्वित झालेल्या या 100 मेगावॅटच्या भट्टीत मंदायक म्हणून जड पाणी वापरतात. नमुनेही साध्या पाण्याऐवजी जड पाण्यातच विरघळवतात, कारण त्यात बहुवारिकाचा हायड्रोजन न्यूट्रॉनांना उठून दिसतो.

या ताऱ्याचे वागणे केंद्रातल्या दोन नायट्रोजन अणूंवर अवलंबून असते. आम्लधर्मी द्रावणात ते प्रोटॉन घेतात, धनभारित होतात आणि केंद्रे एकमेकांना दूर लोटतात. जलद्वेषी गाभा जमत नाही, रेणू सुटेच राहतात. सामू वाढवला, मीठ घातले किंवा द्रावण तापवले की जलद्वेषी गाभा आत घेतलेले रेणूंचे पुंजके, म्हणजे मिसेल, बनतात. तापवल्यावर जुळणी व्हावी हे उलटे वाटते, पण पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइडला पाणी थंडीतच मानवते. टी-1307 चे संहत द्रावण म्हणूनच फ्रीजमध्ये पातळ असते आणि अंगाच्या उबेला जेलीसारखे घट्ट होते. औषध हळूहळू सोडण्यासाठी संशोधक या गुणाकडे वळतात. खंडांचा क्रम उलटला, म्हणजे जलद्वेषी टोके बाहेर नेली, तर एकाच रेणूच्या भुजा दोन वेगळ्या मिसेलांत शिरून त्यांच्यात पूल बांधू शकतात.

पोलॉक्झामिन काही कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणातही असते. अशी बाटली दादरला घ्या की दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट वस्तीत, घटकांच्या बारीक छपाईत हा चार भुजांचा तारा सापडेल. ओल्ड एअरपोर्टच्या उन्हाळ्यात ताऱ्याचा दुसरा उपयोगही पटकन कळतो : डांबर. स्टायरीन-ब्युटाडाइन-स्टायरीनचा ताराकृती प्रकार डांबरात काही टक्के मिसळतात. पॉलिस्टायरीनची टोके एकत्र येऊन कठीण गाठी बनतात, मधले रबर त्यांना जोडते आणि तापलेला रस्ता चाकांखाली सहज दबत नाही. मिसळताना सुमारे 160 ते 180 अंश सेल्सिअसला या गाठी सैल होतात, थंड होताना पुन्हा बसतात. भारतात अशा डांबरासाठी आयएस 15462 हे मानक आहे.

प्रत्येक भुजा वेगळ्या रसायनाची असेल तर ताऱ्याला ‘मिक्टोआर्म’ म्हणतात. तीन भुजांच्या अशा रेणूंत सांधे एका रेषेत येतात आणि तिन्ही घटकांचे बहुभुजाकृती खांब शेजारी शेजारी उभे राहतात. काटछेद फरसबंदीसारखा दिसतो. नागोया विद्यापीठात युशु मात्सुशिता यांच्या गटाला 2007 मध्ये यातच बारापदरी सममितीचा, नेमकी पुनरावृत्ती नसलेला क्वासिक्रिस्टल आढळला.