गावातल्या पोरांचा फुटबॉल क्लब: नावनोंदणी कशी करायची, संघ कसे पाडायचे? वाचा सविस्तर

कोल्हापूर म्हटलं की फुटबॉल आलाच. शहरातल्या पेठा आणि तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, हे सगळ्यांना माहीत आहे. गडहिंग्लजलाही फुटबॉलची जुनी परंपरा आहे. पण आता खेड्यापाड्यांत, वाड्यावस्त्यांवरही शाळा सुटल्यावर पोरं बॉल घेऊन मैदानात दिसतात. अनेक गावांत तरुण मंडळं, माजी खेळाडू किंवा शिक्षक या पोरांना एकत्र करून छोटा क्लब सुरू करायचं म्हणतात. मग प्रश्न पडतात. नावं कुठे लिहायची? कागदपत्रं कोणती? फी किती? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे गडी कसे वाटायचे? या सगळ्याची माहिती एका ठिकाणी देत आहोत.

हौशी क्लब म्हणजे नेमकं काय?

स्पर्धेचा संघ आणि हौशी क्लब यात फरक आहे. स्पर्धेच्या संघात निवड चाचणी होते, चांगले खेळणारे घेतात, बाकीचे घरी जातात. हौशी क्लबात निवड नसते. ज्याचं नाव वहीत आहे, त्याला खेळायला मिळालंच पाहिजे. क्लब सुरू करताना हा नियम पालकांना आणि पोरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात. नोंदणी सगळ्यांची होते आणि मैदानात मात्र ठरावीक अकराच पोरं दिसतात. बाकीची महिनाभर कडेला बसतात आणि मग यायची बंद होतात.

नोंदणी कधी आणि कुठे करायची?

जूनमध्ये शाळा सुरू होतात, पण राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भागात तेव्हा पाऊस इतका असतो की मैदानावर पाय ठेवता येत नाही. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नोंदणी, दसऱ्याच्या सुमारास सराव आणि वार्षिक परीक्षेच्या आधी हंगाम संपवणं सोयीचं पडतं.

नोंदणीची जागा सगळ्यांना माहीत असलेली हवी. शाळा, ग्रामपंचायत, तालीम किंवा वाचनालय चालेल. फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकून थांबू नका. घरात एकच फोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात किंवा कारखान्यावर असतो. शाळेच्या फळ्यावर लिहा, प्रार्थनेच्या वेळी सांगा, वाडीवर निरोप पाठवा. नोंदणीला किमान आठ-दहा दिवस द्या आणि शेवटची तारीख ठरवा. उशिरा आलेल्यांसाठी प्रतीक्षा यादी ठेवा.

मैदान जिल्हा परिषद शाळेचं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी घ्या. गावची मोकळी जागा असेल तर ग्रामपंचायतीला अर्ज द्या. परवानगी तोंडी नको, लेखी घ्या. उद्या सरपंच बदलला किंवा मुख्याध्यापकांची बदली झाली तरी कागद कामी येतो.

फॉर्ममध्ये काय काय लिहून घ्यायचं?

एका पानाचा फॉर्म पुरेसा आहे. त्यात एवढं असावं:

- मुलाचं किंवा मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा आणि इयत्ता
- आई-वडील किंवा पालकांचं नाव आणि दोन फोन नंबर (एक लागला नाही तर दुसरा)
- दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, ॲलर्जी, जुनं फ्रॅक्चर असं काही आहे का
- मैदानावर कोण सोडणार, कोण न्यायला येणार, की मूल एकटं येणार
- फोटो काढायला आणि सोशल मीडियावर टाकायला पालकांची परवानगी आहे की नाही
- पालकांची सही किंवा अंगठा आणि तारीख

आजारपणाचा रकाना लाजेने रिकामा सोडला जातो. पालकांना समजावून सांगा की ही माहिती कुणाला नाकारण्यासाठी नाही, अडचणीच्या वेळी धावपळ करता यावी म्हणून आहे. हे फॉर्म एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. त्यांचे फोटो ग्रुपवर फिरवू नका.

वयाचा पुरावा कोणता घ्यायचा?

सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे जन्म दाखला. कायद्याने जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटून गेलं असेल तर नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखला हरवला असेल पण नोंद झालेली असेल, तर जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून पुन्हा मिळतो. दाखला नसेल तर आधार कार्ड किंवा शाळेच्या रजिस्टरमधली नोंद पाहा.

आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. आजच्या पोरांच्या बाबतीत तसं चालत नाही. वय कमी दाखवून मोठा गडी लहानांत खेळवला की लहान पोराच्या पायाला दुखापत होते. वरच्या स्तरावर वयाची वैद्यकीय तपासणी होते. फिफाच्या १७ वर्षांखालील स्पर्धेत मनगटाचा एमआरआय काढतात. चोरी तिथे पकडली गेली तर पोराचं करिअर धोक्यात येतं. त्यामुळे सुरुवातीपासून खरं वय लिहा.

वय मोजायची एक तारीख ठरवा, उदा. १ जानेवारी, आणि ती सगळ्यांना सारखी लावा.

ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून कुटुंबं येतात. त्यांची पोरं चार-पाच महिने गावात असतात. त्यांचे दाखले मूळ गावी राहिलेले असतात. अशा पोरांना कागदासाठी अडवू नका. आधार किंवा शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड बघून नाव घ्या. फी अर्ध्या हंगामाची लावा किंवा माफ करा.

फी किती ठेवायची?

आधी खर्च काढा, मग फी ठरवा. बॉल, हवा भरायचा पंप, मार्कर, दोन रंगांचे बिब, प्रथमोपचार पेटी, मैदान आखायचा चुना एवढं धरा. समजा वर्षाचा खर्च १२ हजार रुपये आला आणि पोरं ४० आहेत, तर एका पोराला ३०० रुपये येतात. दुकानदार, दूध संस्था किंवा मंडळाकडून मदत मिळाली तर तेवढी फी कमी करा.

प्रत्येक रुपयाची पावती द्या. हिशोबाचा कागद वर्षातून दोनदा शाळेच्या फळ्यावर लावा. फी भरली नाही म्हणून कुणाला मैदानाबाहेर उभं करू नका आणि कुणाची फी राहिली हे पोरांसमोर बोलू नका. ते पालकांशी बाजूला घेऊन बोलायचं.

गट आणि संघ किती जणांचे?

लहान पोरांना मोठ्या मैदानात अकरा-अकरा खेळवलं तर दोघं-तिघं पळतात आणि बाकीचे उभे राहतात. फुटबॉलचे नियमच सांगतात की लहान मुलांसाठी मैदान, गोल, बॉल आणि वेळ लहान करता येतो. साधारण असं ठेवा:

- ८ वर्षांखालील: ५-५ जण, तीन नंबरचा बॉल, छोटे गोल
- ८ ते १२ वर्षं: ७-७ जण, चार नंबरचा बॉल
- १२ ते १४ वर्षं: ९-९ जण, पोरांच्या अंगकाठीप्रमाणे चार किंवा पाच नंबरचा बॉल
- १४ वर्षांपुढे: ११-११ जण, पाच नंबरचा बॉल (घेर ६८ ते ७० सेंमी)

७ जणांच्या संघात ९ किंवा १० पोरं ठेवा. १५ ठेवली तर निम्मी बसूनच राहतील. त्यापेक्षा दोन संघ करा.

गडी कसे वाटायचे?

दोन कॅप्टन उभे करून त्यांना एकेक गडी मागायला लावायची आपली जुनी पद्धत आहे. क्लबात ती वापरू नका. जे पोर शेवटी उरतं, त्याला सगळ्यांदेखत कळतं की आपण कुणालाच नको आहोत. वाटप मोठ्यांनी कागदावर करायचं.

पहिले दोन-तीन सराव नुसते खेळ बघा. तिघांनी वेगवेगळी यादी करा, मग मेळ घालून एक यादी बनवा. ही यादी पोरांना दाखवायची नाही. समजा २७ पोरं आणि लाल, निळा, हिरवा असे तीन संघ आहेत. नांगर जसा एका टोकाला जाऊन परत फिरतो, तसं वाटत जा. १ नंबर लालला, २ निळ्याला, ३ हिरव्याला. मग उलटं फिरा, ४ हिरव्याला, ५ निळ्याला, ६ लालला. ७ पुन्हा लालला, असं शेवटपर्यंत.

याचा फरक बेरजेत दिसतो. नांगरासारखं फिरून वाटलं तर तीन संघांच्या क्रमांकांची बेरीज १२५, १२६ आणि १२७ येते. दर वेळी लालपासूनच सुरुवात केली तर ती ११७, १२६ आणि १३५ येते. म्हणजे एक संघ दर वेळी जिंकणार आणि एक दर वेळी हरणार.

यानंतर थोडी अदलाबदल करा:

- प्रत्येक संघात गोलकीपर व्हायला तयार असलेलं एक तरी पोर असावं
- सख्खी भावंडं आणि एकाच वाडीवरून चालत येणारी पोरं शक्यतो एका संघात ठेवा
- एखादीच मुलगी एकटी एका संघात पडू देऊ नका, दोघी-तिघी एकत्र असाव्यात
- प्रशिक्षकाचं स्वतःचं पोर कुठे जाईल हे दुसऱ्याने ठरवावं
- एका गल्लीची किंवा एका भावकीची सगळी पोरं एकाच संघात येऊ देऊ नका, नाहीतर गावचं राजकारण मैदानात येतं

तीन सामने झाल्यावर पुन्हा बघा. एखादा संघ सलग मोठ्या फरकाने हरत असेल तर एक-दोन गडी बदला. कारण दोन्ही घरच्या पालकांना सांगा.

सगळ्यांना खेळायला कसं मिळणार?

४० मिनिटांचा सामना असेल तर १०-१० मिनिटांचे चार भाग करा. ९ पोरांचा संघ असेल तर प्रत्येक भागात दोघं बसतील. चार भागांत आठ जण एकेकदा बसतात, म्हणजे त्यांना ३० मिनिटं मिळतात. नववा पूर्ण ४० खेळतो आणि पुढच्या सामन्यात पहिल्यांदा तोच बसतो. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत घ्यायला लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये मुभा देता येते. कोण कधी बसलं हे वहीत लिहा. गोलकीपरही बदलत ठेवा.

मुलींचं काय?

१२ वर्षांपर्यंत मुलं-मुली एकत्र खेळू शकतात. त्यापुढे मुली पुरेशा असतील तर त्यांचा वेगळा संघ करा. मुली का येत नाहीत विचाराल तर कारणं साधी निघतात. अंधार पडतो, शौचालयाला कुलूप असतं, सोबत बाई माणूस नसतं. वेळ लवकरची ठेवा, शाळेच्या शौचालयाची किल्ली मागून घ्या, एक तरी महिला शिक्षिका किंवा आई मैदानावर असू द्या.

सुरक्षिततेत हयगय नको

- मोठ्या माणसाने एकट्याने एका मुलासोबत राहू नये, मैदानावर कायम दोघं मोठे हवेत
- लोखंडी गोलपोस्ट जमिनीत पक्का रोवा किंवा मागून वजन लावा, तो अंगावर पडून जीव जाऊ शकतो
- विजा चमकू लागल्या की खेळ लगेच थांबवा, झाडाखाली उभे राहू नका
- शिनपॅड घालायला लावा, कडी, माळ, कानातलं काढून ठेवायला सांगा
- डोक्याला मार लागलेलं पोर त्या दिवशी पुन्हा खेळवू नका, डॉक्टरला दाखवा
- रुग्णवाहिकेचा १०८ आणि चाईल्डलाईनचा १०९८ हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा

मुलाशी कुणी गैरवर्तन केल्याचं कळलं तर ते गावात मिटवायचं नसतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

पुढचा रस्ता

पहिल्या वर्षी क्लबाला नोंदणीकृत संस्था करायची घाई नको. वही, परवानगी आणि हिशोब नीट असला तरी पुरतं. काम टिकलं तर किमान सात सदस्य घेऊन धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवता येते.

ज्या पोरांना पुढे खेळायचं आहे त्यांच्यासाठी शालेय स्पर्धा आहेत. त्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटात होतात आणि प्रवेश शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जातो. सुब्रतो कपलाही शाळेच्याच नावाने उतरता येतं. संघटनेच्या स्पर्धांसाठी राज्यात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आहे आणि खेळाडूची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत होते. तिथे पहिल्यांदा विचारतात तो जन्म दाखला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे पोरांना जरूर सांगा. मात्र क्लबात येणाऱ्या बहुतेक पोरांना तिथवर जायचं नसतं. त्यांना संध्याकाळी तासभर खेळायचं असतं आणि आपल्यालाही बॉल मिळेल एवढी खात्री हवी असते.

या आठवड्यात करायची कामं

१. मैदानाच्या परवानगीचा अर्ज द्या.
२. दोन पुरुष आणि दोन महिला अशी चार जणांची समिती करा.
३. फॉर्मच्या झेरॉक्स काढा आणि शाळेत ठेवा.
४. शेवटची तारीख फळ्यावर लिहा.
५. "नाव नोंदवलं त्याला खेळायला मिळणार" हा नियम फॉर्मच्या वरच छापा.