सुकर-दुष्कर अर्थाच्या रचना (मराठी)

एखादी क्रिया कर्त्याला सोपी जाते की अवघड, हे मराठीत अनेक प्रकारे सांगता येते. त्यांतील सर्वांत बारकाईचे साधन म्हणजे शक्य क्रियापद. धातूला ‘व’ लागून ते बनते : चढ–चढव, वाक–वाकव. कर्ता प्रथमेत राहत नाही. तो ‘ला’ किंवा ‘ने’, ‘च्याने’ घेतो. उदाहरण घ्या : मुळशी हा भाताचा तालुका. तेथील नेरे गावासारख्या ठिकाणी लावणीच्या दिवसांत ‘आजीला आता वाकवत नाही’, ‘माझ्याने चिखलात उभं राहवेना’ अशी वाक्ये घरोघर ऐकू येतील. वाकण्याची इच्छा आहे, सरावही आहे. कंबर साथ देत नाही, एवढेच येथे सांगायचे असते.

इतर रचनांशी ताडून पाहिले की फरक कळतो. ‘पोहता येत नाही’ म्हणजे बहुधा पोहणे शिकलेलेच नाही; ‘पोहवत नाही’ म्हणजे येते, पण दम लागतो. ‘जमत नाही’त सवडीचाही प्रश्न असतो, तर ‘झेपत नाही’ हे अंगातल्या बळाइतकेच खिशाबद्दलही म्हणतात.

शक्य क्रियापद बहुतेक वेळा नकारातच भेटते. ‘बघवत नाही’, ‘ऐकवत नाही’, ‘सांगवत नाही’ यांत डोळे, कान, जीभ धडधाकट असतात. सोसत नाही ते मनाला. मराठीतील ही फार मोलाची सोय आहे. ‘राहवले नाही’ यात तर नकार असूनही कृती घडून गेलेली असते.

दुसऱ्याकडून क्रिया करवण्याचा अर्थ सांगणाऱ्या प्रयोजक क्रियापदाचे रूप पुष्कळदा शक्य क्रियापदासारखेच दिसते. ‘नात आजीला चालवते’ यात नात प्रथमेत आहे, म्हणून ते प्रयोजक. ‘आजीला अजून चालवते’ यात प्रथमेत कोणीच नाही, म्हणून ते शक्य.

‘-आयला’ या रचनेत अवघडपणा वस्तूकडे जातो आणि विशेषण विकारी असेल तर तेही तिचेच लिंग घेते : घाट चढायला अवघडच, पण वाट उतरायला सोपी. माणसाची अडचण सांगायची तर ‘जाणे’ जोडतात : ‘मला घाट चढायला अवघड जातो’.

सुकर-दुष्कर, सुगम-दुर्गम, सुलभ-दुर्लभ या जोड्या संस्कृतातून तयार आल्या. सुकर, दुष्कर अशा शब्दांसाठी पाणिनीने अष्टाध्यायीत (3.3.126) ‘खल्’ हा स्वतंत्र प्रत्यय सांगितला आहे. मराठीत त्यांचे अर्थ थोडे सरकले : ‘दुर्लभ’ म्हणजे आता मुख्यतः विरळा, आणि ‘सुलभ’चा मिळण्याशी फारसा संबंध उरलेला नाही. क्रियाविशेषणांत ‘सहज’ कोठेही चालते. ‘सहजासहजी’ला मात्र बहुधा नकार लागतो : ‘परवाना सहजासहजी मिळत नाही’.