पाचव्या वर्षाची रेघ

माजलगाव तालुक्यातील मौजे दिंद्रुड 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमदानीत होते, ही गोष्ट आजच्या घटस्फोटितांच्या कज्ज्यांशी जोडून कोणी पाहत नाही. परंतु लेकरू आईपाशी राहावे की बापापाशी, याचा निवाडा करताना जी वयाची रेघ ओढली जाते, तिचे कूळ शोधू लागले म्हणजे त्या अमदानीची आठवण केल्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्या अमदानीत मुसलमानांच्या घरी चालणाऱ्या हनफी शास्त्रातील हिजानतीप्रमाणे, म्हणजे लेकरू कोणी सांभाळावे याच्या नियमांप्रमाणे, मुलगा सात वर्षांचा होईतो आणि मुलगी वयात येईतो आईकडे राहावी, असा नियम आहे; आणि नवल असे की, कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे नवऱ्याने 1836 साली तिच्यापासून तोडले त्यानंतर तिने दिलेल्या झुंजीतून जो 1839 चा इंग्रजी कायदा निघाला, त्यानेही आईला ताबा मागण्याची मुभा दिली ती सात वर्षांखालच्याच मुलांपुरती.

आपल्याकडे 1890 चा पालक व पाल्य कायदा आला, आणि 1941 साली मुंबई हायकोर्टाने आईबापांच्या हक्कांहून अज्ञान मुलाचे हित श्रेष्ठ ठरविले. मग 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात, सामान्यतः आईकडे राहावयाच्या मुलाचे वय सात न लिहिता पाच का लिहिले गेले?

कायदेपंडित या कलमाचा उगम इंग्रजी विचारात दाखवितात. कल्पना तिकडची असेल. आकडा तिकडचा नव्हे, असे माझे ठाम मत आहे. उसनवारीच करावयाची असती तर सात हा आकडा विलायतेत, हिजानतीत, फार काय, सात वर्षांखालील मुलाचे कृत्य अपराध न मानणाऱ्या 1860 च्या दंडसंहितेतही तयार होता. पाच मात्र आपल्या घरचे: पाच वर्षे लाड, पुढे दहा वर्षे धाक आणि सोळाव्या वर्षी मैत्री सांगणारे चाणक्याच्या नावावरील सुभाषित संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास पाठ होते, आणि ब्रह्मतेजाची इच्छा धरणाऱ्या ब्राह्मणाची मुंज मनूने पाचव्या वर्षीच सांगितली आहे. सुभाषितात पुत्र आहे, कन्या नाही, आणि आईचा तर उल्लेखही नाही, हा आक्षेप वजनदार खरा. तरीही पाचांनंतर मूल बापाच्या शिस्तीत जाते, ही समजूत त्याच मुशीतली आहे, याविषयी मला संशय नाही.

या समजुतीने अनर्थही पुष्कळ केला. पाच सरली की मूल आपोआप बापाचे, असे गावोगाव मानले जाते. वास्तविक गोव्यातून गेलेल्या एका दाव्यात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पाच वर्षे उलटल्याने आईचा अधिकार जात नाही.

मला हळहळ वाटते ती निराळ्याच गोष्टीची. हिजानतीत आईच्या मागे आईची आई, तिच्यामागे बापाची आई, अशी स्त्रियांची परंपराच लावून दिलेली आहे. सहाव्या कलमात आजीचे नावही नाही. ऊसतोडीला आईबाप सहा-सहा महिने कारखान्यावर गेले म्हणजे बीड जिल्ह्यातील कितीतरी लेकरे आजीच्याच पदराखाली शाळा करतात. 1890 च्या कायद्यान्वये आजीलाही न्यायालयात अर्ज करता येतो, आणि मूल सामान्यतः जेथे राहते तेथील जिल्हा न्यायालयातच तो करावयाचा असतो. म्हणजे दिंद्रुडच्या आजीला कारखान्याच्या मुलखात खेटे घालावे लागत नाहीत, बीडचा रस्ता तिला पुरतो.