उसनी फौज आणि रयतेचा पैसा

खोपोलीचा तलाव आणि त्याच्या काठचे महादेवाचे देऊळ आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. दोन्ही नाना फडणविसांनी बांधविली. घाट चढण्यापूर्वी वाटसरूने येथे हातपाय धुवावेत, पाणी प्यावे, जनावरांना पाजावे, हा त्यांतला सरळ हेतू. परंतु ज्या नानांनी हे पाणी साठविले, त्यांच्याच कारकिर्दीत या वाटेने इंग्रजांची फौज दोनदा बोरघाट चढली. ती फौज कोणाच्या नावाने आली, आणि तिचा पगार कोणाच्या खिशातून गेला, हा आमचा आजचा विषय आहे.

दुसऱ्याच्या लढाईला आपल्या करदात्याने पैसा द्यावा काय, हा प्रश्न जगात पुन्हा तापला आहे. २०२२ साली रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हापासून युरोप-अमेरिकेच्या कायदेमंडळांत त्यावर वाद झडत आले. आपल्याला मात्र हा प्रश्न परका नाही. कर्जत आणि खालापूर ही घाटाच्या पायथ्याची दोन तालुक्यांची भूमी. त्याचे उत्तर काय पडते, हे या भूमीने अडीचशे वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिले.

गोष्ट सुरू होते ती सुरतेपासून. नारायणरावांच्या खुनानंतर पेशवाईच्या गादीवरून हटलेले रघुनाथराव मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी तह करून बसले. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी. रघुनाथरावांनी तिच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवावे, आणि साष्टी व वसई तोडून द्यावी, असा तो सौदा होता. आता पाहा, रघुनाथरावांच्या हाती ना खजिना होता, ना मुलूख. जो वसूल आपल्या ताब्यात नाही तो त्यांनी लिहून दिला. कागदावर सही त्यांची, परंतु पैसा मात्र ज्या रयतेला कोणी विचारलेही नव्हते तिचा.

दुसऱ्या बाजूचा हिशेब तर याहून नवलाचा आहे. मुंबई इलाख्याचा त्या काळी स्वतःचा खर्चही स्वतःच्या उत्पन्नातून भागत नसे. तूट भरून निघे ती बंगालच्या वसुलातून. १७७० च्या भयंकर दुष्काळातून बंगाल पुरता सावरलाही नव्हता. म्हणजे बंगालच्या कुळाने भरलेला सारा पुण्याच्या भाऊबंदकीत खर्ची पडणार होता! कलकत्त्याच्या कौन्सिलाने आरंभी हा तह नामंजूर केला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. त्यांनी आपला वकील पाठविला, आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. परंतु त्या तहातही लढाईच्या खर्चापोटी इंग्रजांना बारा लाख रुपये देण्याचे पुणे दरबारास कबूल करावे लागले. ज्याच्या घरावर चाल करून जावे, त्यालाच वाटखर्चाची पावती दाखवावी, असा हा न्याय!

एवढ्यावरही मुंबईकरांचे समाधान झाले नाही. १७७८ च्या नोव्हेंबरात रघुनाथरावांना बरोबर घेऊन त्यांची फौज पनवेलवरून बोरघाटाकडे निघाली. लढाऊ शिपाई चार हजारांच्या आत. परंतु ग्रँट डफ सांगतो की ओझ्याची जनावरे एकोणीस हजारांवर होती. श्रोतेहो, या आकड्यावर क्षणभर थांबा. भात नुकते झोडून झालेले, पेंढा रचलेला, माळावरचे गवत वाळू लागलेले. अशा दिवसांत एकोणीस हजार जनावरे पनवेलपासून खोपोलीपर्यंतच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जातात, तेव्हा ती काय खातात, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

पुढची हकिगत आपल्या परिचयाची आहे. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, ठार झाला. मराठ्यांनी वाटेवरची वैरण जाळली, तळेगाव पेटवून मोकळे केले. महादजी शिंद्यांनी फौजेला असे कोंडले की १६ जानेवारीला वडगावचा करार करून तिला परतावे लागले. विजयाचा आनंद आम्हांलाही आहे. परंतु पेटलेले तळेगाव इंग्रजांचे नव्हते, हेही आम्ही विसरू नये.

मुंबईकरांनी तो करार मानला नाही. फेब्रुवारी १७८१ मध्ये जनरल गॉडर्डने पुन्हा घाट घेतला आणि आपला तळ खोपोलीस ठेवला. हरिपंत फडके व तुकोजी होळकर वरून, तर परशुरामभाऊ पटवर्धन खाली कोकणात उतरून, असा त्यास पेच पडला. पनवेलहून येणारी रसद चौकच्या परिसरात तुटू लागली. अखेर एप्रिलमध्ये गॉडर्ड पनवेलकडे माघारला. त्या माघारीत त्याची ४६६ माणसे मेली किंवा जखमी झाली.

याच लढायांसाठी वॉरन हेस्टिंग्जला पैसा अपुरा पडत होता. १७७८ पासून त्याने काशीच्या चेतसिंगाकडे ठरलेल्या खंडणीवर दरसाल पाच लाखांची जादा मागणी लावली, आणि १७८१ च्या ऑगस्टात काशीत उठाव झाला. बोरघाटातल्या तोफेचा बार शेवटी गंगेच्या काठी ऐकू गेला तो असा. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, रघुनाथरावांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. सात वर्षांच्या रक्तपाताची ही शिल्लक!

यातून बोध घ्यायचा तो त्यांच्या मुलाने घेतला नाही. डिसेंबर १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून उसनी फौज कायमची पदरी घेतली आणि तिच्यासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. सोळा वर्षांत राज्यच गेले.

राज्य गेल्यावर प्रश्न उलटा झाला. आता लढाया इंग्रजांच्या आणि तिजोरी आमची. १८५८ च्या कायद्यात असे कलम होते की हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरील मोहिमेचा खर्च पार्लमेंटच्या संमतीवाचून हिंदी वसुलातून करू नये. कलम चांगले, परंतु ज्या पार्लमेंटची संमती हवी, त्यात हिंदी करदात्याचे मत कोठे होते? १८६७-६८ च्या हबसाणच्या मोहिमेत हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार आमच्याकडून गेला. दुसऱ्या अफगाण युद्धात ब्रिटनने पन्नास लाख पौंड उचलले, बाकीचा मोठा बोजा आम्हांवर राहिला. १८९७ साली, महाराष्ट्र दुष्काळाने व प्लेगने गांजलेला असताना, गोपाळ कृष्ण गोखले यांनी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देऊन या अन्यायाचा हिशेब मांडला. तरी १९१७ साली दहा कोटी पौंड महायुद्धासाठी ‘देणगी’ म्हणून गेलेच. देणाऱ्याला नाही म्हणता येत नसेल, तर तिला देणगी म्हणणे हा भाषेवरचा अत्याचार आहे.

मग दुसऱ्याच्या लढाईला पैसा देऊच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. १७८० साली हैदरअलीने कर्नाटकात चढाई केली म्हणून इंग्रजांना मद्रासकडे धावावे लागले, आणि पुण्यावरील दाब हलका झाला. नानांनी हैदराशी संधान बांधले ते पुण्याचे रक्षण ओळखूनच. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले. आपण मुक्तिवाहिनीला मदत केली, आणि निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचा जादा आकार बसला. कर्जतच्या पोस्टातून पत्र टाकणाऱ्यानेही तो दिला. तो कशासाठी हे त्या तिकिटावरच छापलेले होते, आणि तो बसविणारे सरकार आपण मते देऊन निवडलेले होते.

आम्हांला भेद दिसतो तो येथे. लढाई कोणाची, एवढेच विचारून भागत नाही. पैसा कोणाचा, त्याला विचारले काय, किती आणि कोठवर द्यायचे हे ठरले काय, आणि फिटले नाही तर गहाण काय पडते, हे चार प्रश्न आधी विचारले पाहिजेत. सुरतेच्या आणि वसईच्या तहांत यांपैकी एकाचेही उत्तर रयतेला ठाऊक नव्हते.

पुढच्या वेळी खोपोलीच्या तलावाकाठी बसाल, तेव्हा वर घाटाकडे एकदा जरूर पाहा. त्या वाटेने फौजा चढल्या आणि उतरल्या. ज्यांच्या खळ्यांवरून त्या गेल्या, त्यांची सही मात्र कोणत्याही तहावर नाही. आज आपल्याला मत आहे. ते आहे तोवर, हिशेब मागण्याचा आळस आपण करू नये, एवढीच आमची विनंती आहे.