भारत सेवक समाजातील कार्यकर्ता-प्रशिक्षण

भारत सेवक समाज (सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी) ही संस्था गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुणे येथे स्थापन केली. देशकार्याला वाहून घेणारे कार्यकर्ते घडविणे हा तिचा प्रमुख उद्देश होता. नव्या सदस्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. स्वतःसाठी धनार्जन न करणे ही त्यांपैकी एक. त्यानंतर पाच वर्षांच्या उमेदवारीत अध्ययन, देशपर्यटन व प्रत्यक्ष कार्य यांतून त्याची जडणघडण होई.

या सदस्यांनी पुढे निरनिराळ्या क्षेत्रांत नेतृत्व केले. ना. म. जोशी यांनी कामगार चळवळीत काम केले. ते १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक होते. ठक्कर बाप्पांनी १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ सुरू केले. गो. कृ. देवधर यांनी रमाबाई रानडे यांच्यासमवेत पुण्याच्या सेवासदनाची उभारणी केली.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले यांचे निधन झाले, तेव्हा संस्थेला दहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तरीही तिचे कार्य खंडित झाले नाही. श्रीनिवास शास्त्री, देवधर व हृदयनाथ कुंझरू या सदस्यांनीच क्रमाने अध्यक्षपद सांभाळले. कठोर नियमांमुळे सदस्यसंख्या मात्र मर्यादितच राहिली.