दाबमापकावरचा दहा

२ डिसेंबर १९८४ची रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात १० वाजून २० मिनिटांनी ६१० क्रमांकाच्या टाकीतला दाब २ पौंड होता. मग पाळी बदलली. ११ वाजता नव्या पाळीच्या कामगाराने काटा पाहिला, तो १०वर होता. या टाकीचा नेहमीचा दाब २ ते २५च्या दरम्यान असे. दहा त्यात बसत होता, म्हणून कोणाला वावगे वाटले नाही.

भोपाळविषयीचे अहवाल पहिल्यांदा वाचताना मीही या नोंदीवरून पुढे गेलो. दोषी कोण हे मी शोधत होतो. मर्यादेत असलेला आकडा मला काय सांगणार? रसायनशास्त्र मी रीतसर शिकलेलो नाही. एकेक संज्ञा समजून घेत पुन्हा वाचू लागलो, तेव्हा त्या दहापाशी अडलो. सुरक्षित मर्यादा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तिथे उभा होता.

ही कल्पना वाफेच्या बॉयलरबरोबर रुजली. १८०३ साली लंडनजवळ ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेविथिकच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि चार माणसे दगावली. त्यानंतर ट्रेविथिकने बॉयलरला दोन सुरक्षा झडपा बसवायला सुरुवात केली आणि त्यांतली एक चालकाच्या हाताबाहेर ठेवली. मर्यादा माणसाच्या मर्जीवर सोडायची नाही, हा धडा त्यात होता. आपल्याकडे कलकत्त्यातल्या बॉयलरांच्या तपासणीसाठी १८६४ साली बंगालमध्ये कायदा झाला, आणि १९२३मध्ये ‘इंडियन बॉयलर्स अॅक्ट’ आला. प्रमाणपत्रात नोंदवलेल्या कमाल दाबापलीकडे बॉयलर चालवायचा नाही, असा त्याचा दंडक होता. पोलाद किती सोसेल याचा हिशेब करायचा, त्याच्या बरेच अलीकडे रेघ मारायची, आणि काटा रेघेच्या आत ठेवायचा. बॉयलरचे जाळ थांबवले की दाबाची वाढही थांबते, म्हणून तिथे एवढी रेघ बरीचशी पुरते.

६१० क्रमांकाच्या टाकीत मात्र सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. हा द्रव ३९ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यात पाणी शिरले की उष्णता निर्माण होते. उष्णतेने प्रक्रिया वेग घेते, आणि वाढलेला वेग आणखी उष्णता देतो. इथे जाळ बाहेर नसतो, द्रवाच्या पोटातच असतो. म्हणून हा द्रव शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा आणि तापमान ११ अंशांवर गेले की इशारा वाजायचा, अशी व्यवस्था आखलेली होती. थंडपणामुळे प्रक्रिया थांबत नाही, पण मंदावते. शून्य ते अकरा या अंतराचा खरा अर्थ अंशांत नाही, वेळेत आहे. काही बिघडलेच तर ते लक्षात येऊन हालचाल करण्याइतका अवधी माणसाला मिळावा, यासाठी ते अंतर राखलेले होते.

जून १९८४मध्ये टाक्या थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद करण्यात आली. कारखाना तोट्यात होता, खर्चाला कात्री लागली होती. त्यानंतर टाकीतले तापमान १५ ते २० अंशांवर राहू लागले. अकरा अंशांचा इशारा त्याच्या खालीच राहिला आणि निरर्थक झाला. त्या रात्री त्याने कोणालाही सावध केले नाही. म्हणजे मर्यादा डिसेंबरच्या रात्री ओलांडली गेली असे म्हणणे पुरेसे नाही. ती सहा महिने आधीच ओलांडली गेली होती आणि काहीही घडले नव्हते. काही घडले नाही, म्हणून तीच नवी सवय झाली.

साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. तिथे गळती बहुधा अशीच कळत असे. सव्वाबाराला दाब ३०वर गेला आणि थोड्याच वेळात काटा ५५च्या टोकाला जाऊन थांबला, कारण मापकावर पुढे आकडेच नव्हते. सुरक्षा झडप उघडली, पण बाहेर पडणारा वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर आणि तो जाळून टाकणारी ज्योत, दोन्ही सज्ज नव्हते. पुढचे जगाला ठाऊक आहे.

पाणी टाकीत शिरले कसे, यावर वाद झाला. कंपनीने घातपात म्हटले, इतरांनी नळ्या धुण्याच्या कामाकडे बोट दाखवले. पण पाणी कोणत्याही वाटेने आलेले असो, सावरायचा अवधी आधीच खर्ची पडला होता. डॉ. एस. वरदराजन यांच्या समितीने डिसेंबर १९८५मध्ये दिलेल्या अहवालात, एवढा मोठा साठा विनाकारण दीर्घकाळ ठेवणे आणि मोजमापाची व इशाऱ्याची साधने अपुरी असणे, यांवर बोट ठेवले होते.

१९८७ साली आपल्या कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. नजीकचा धोका जाणवला तर तो मालकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. अमेरिकेने १९९२मध्ये प्रक्रिया-सुरक्षेचा नियम केला. तापमान, दाब, प्रवाह यांच्या वरच्या आणि खालच्या सुरक्षित मर्यादा त्यात लेखी मागितल्या आहेतच. शिवाय मर्यादा सुटली तर काय होईल आणि चालकाने काय करायचे, हेही लिहायला सांगितले आहे. मला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. नुसता आकडा गप्प असतो.

तो दहाही गप्पच होता. दोन आणि पंचवीस यांच्या मध्ये तो सुरक्षित दिसला, पण चाळीस मिनिटांत दाब पाचपट झाला, ही बाब आकड्यात नव्हती, दोन आकड्यांमधल्या अंतरात होती. आधीच्या पाळीचा २ आणि नंतरच्या पाळीचा १० कोणी शेजारी ठेवून पाहिला असता, तर अनर्थ टळलाच असता असे मी म्हणणार नाही. पण सव्वाबारापर्यंत सव्वा तास हातात होता. सहा महिन्यांच्या काटकसरीनंतर शिल्लक राहिलेला अवधी तेवढाच होता.